साहस, धाडस आणि तो 'षड्गुण' श्लोक

साताऱ्याच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. जुन्या कादंबऱ्यांतल्या आणि लोककथांतल्या पराक्रमी बायकांवर ती प्रकल्प लिहिते आहे. शीर्षकात तिने 'साहसी स्त्रिया' लिहिलं होतं, मार्गदर्शकांनी ते खोडून 'धाडसी स्त्रिया' केलं. का, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, "साहस संस्कृत, धाडस मराठी, अर्थ एकच." तिची आजी मात्र "उगं साहस करू नगंस" असं नेहमी रागावूनच म्हणायची. मग हा शब्द कौतुकाचा की रागाचा?

आजी बरोबर आहे आणि मार्गदर्शक चूक. शौर्य, हिंमत, धैर्य हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यात वेळ घालवत नाही. त्याआधी एक गोष्ट मात्र बोलून टाकते, कारण ती दरवर्षी ऐकून माझं डोकं उठतं. मार्च महिना आला की आमच्या सांगलीत सत्कारांचे फलक लागतात आणि त्यांतल्या एखाद्यावर हमखास 'साहसं षड्गुणं' असतं. खाली मराठीत, 'स्त्रीमध्ये पुरुषापेक्षा सहापट साहस असते.' व्यासपीठावरून ते वाचून दाखवतात, टाळ्या पडतात. चाणक्याच्या नावावर चालणारा हा श्लोक कुणी पुरा वाचतं का? बायकांचा आहार दुप्पट, लाज चौपट, साहस सहापट आणि काम, म्हणजे कामवासना, आठपट, अशी ती मोजदाद आहे. त्याच संग्रहात पुढे 'अनृतं साहसं माया' असा आणखी एक श्लोक येतो. खोटेपणा, साहस, कपट, मूर्खपणा, हाव, अस्वच्छता, निर्दयपणा हे बायकांचे उपजत दोष, असं तो सांगतो. दोषांच्या यादीतला दुसरा शब्द साहस! ज्या शब्दाने बायकांना नावं ठेवली, तोच आपण त्यांच्या गळ्यात हार म्हणून घालतो.

याचं मूळ 'सहस्' या शब्दात आहे. सहस् म्हणजे जोर, बळ, जबरदस्ती. त्या जोरावर केलेलं ते साहस. धर्मशास्त्रात साहस हे गुन्ह्याचं नाव आहे, आणि दंडाच्या पायऱ्याही त्याच नावाने मोजल्या आहेत. पण हे तेव्हाचं नाणं. मनुस्मृतीत प्रथम साहस २५० पण, मध्यम साहस ५०० पण आणि उत्तम साहस १००० पण. 'उत्तम साहस' हे शब्द आज एखाद्या प्रशस्तिपत्रकावर शोभून दिसतील. तिथे मात्र तो सगळ्यात जबर दंड आहे.

आता माझ्या सगळ्यात आवडीची जागा. चोरी आणि साहस यांत फरक काय, हे मनूही सांगतो आणि कौटिल्यही. मालकाच्या देखत (मूळ शब्द 'अन्वयवत्'), जोर करून केलं ते साहस. त्याच्या माघारी केलं ते स्तेय, म्हणजे चोरी. हा फरक मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी दिवसभर तेच घोकत होते. साहसाचा गाभा समोरासमोर असण्यात आहे. जोखीम किती होती, जीव जाणार होता का, हे सगळं नंतर. लपून केलेलं कितीही जिवावरचं असलं तरी त्याला साहस म्हणायचं नाही.

शूद्रकाच्या मृच्छकटिक या संस्कृत नाटकात शर्विलक नावाचा चोर रात्री चारुदत्ताच्या भिंतीला भोक पाडतो, दागिने उचलतो आणि आपल्या प्रेयसीला, मदनिकेला, दासीपणातून सोडवायला येतो. ती घाबरते तेव्हा तो म्हणतो, 'साहसे श्रीः प्रतिवसति', साहसात लक्ष्मी वसते. हे वाक्य सुविचार म्हणून भिंतीवर लावतात. पण शास्त्राच्या मोजमापाने बघा, घरचे झोपले असताना घरफोडी करणाऱ्याचं ते स्तेय झालं. चोर आपल्या चोरीला वरच्या दर्जाचं नाव देतो आहे, आणि शूद्रकाने ते त्याच्याच तोंडून वदवलं आहे. हे नाटक मराठीत आणणारे देवल आमच्या हरिपूरचे, कृष्णा-वारणेच्या संगमावरचे. म्हणून सांगलीकरांनी तरी ते वाक्य नीट वाचावं, असं मला फार वाटतं.

'सहसा' हे याच घरातलं. सहस् ची तृतीया, म्हणजे जोराने, एकदम, विचार न करता. भारवीचं 'सहसा विदधीत न क्रियाम्' प्रसिद्ध आहे: कुठलंही काम अविचाराने करू नये. मराठीत तो 'न' सहसाला असा चिकटला की 'अविचाराने करू नये'चं 'शक्यतो करू नये' झालं आणि त्यातून 'तो सहसा येत नाही' तयार झालं. नकाराशिवाय मराठी सहसा उभंच राहत नाही. तरी 'सहसा आम्ही रविवारी गणपतीला जातो' हे मी आठवड्यातून दोनदा ऐकते. तिथे 'बहुधा' म्हणा, 'बहुतेक वेळा' म्हणा, 'एरवी' म्हणा. मराठीत शब्दांना तोटा नाही.

धाडस. याचं मूळ 'धार्ष्ट्य' असल्याचं मला अनेकदा ठासून सांगितलं जातं. मला ते अजिबात मान्य नाही. मराठीत 'ष्ट' कसा झिजतो ते पाहा: मिष्टचं मीठ, मुष्टीची मूठ, दृष्टीची दिठी. 'ड' कुठे आला का? आणि धृष्टचं पोर आपल्या घरात आधीच नांदतं आहे, त्याचं नाव धीट. एवढं धडधडीत दिसत असताना धाडसाला त्याच घरात दत्तक देण्याचा हट्ट कशाला?

धाडस 'धाड' मधून आलं. संस्कृत धाटी, प्राकृत धाडी, आपली धाड. धाड घालणे, धाड पडणे, आणि घरोघरी चालणारं "काय धाड भरलीय तुला?" शेवटचा 'स' लोभस, गोंडस, राजस यांच्यासारखा प्रत्यय आहे म्हणणाऱ्यांनी एवढंच पाहावं की ती सगळी विशेषणं आहेत आणि धाडस नाम आहे. नामांत त्याच्या शेजारी बसतं ते साहस. माझं मत असं की साहसाच्या कानाने ऐकून ऐकून धाडीला तो 'स' जडला. म्हणजे दोन्ही शब्द दरोड्याच्याच मुलखातले. म्हणूनच पुराच्या दिवसांत भोंग्यावरून 'पाण्यात उतरण्याचं धाडस करू नये' असं सांगतात, 'शौर्य करू नये' असं कुणी म्हणत नाही.

फरक उरतो तो इतकाच: धाड अंधारात, आडून, वेष पालटूनही पडते. साहस तोंडावर होतं.

आता ताई तेलिणीचा वासोटा किल्ला. बामणोलीहून बोटीने तासाभराहून जास्त पाणी कापत जावं लागतं. मी गेले तेव्हा बोटीवरच्या काकांनी मधेच मशीन बारीक केलं, डोंगराकडे हात केला आणि म्हटलं, "श्रीमंत पंतप्रतिनिधी यांचा अजिंक्य वासोटा, तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या, संभाळ कासोटा." 'संभाळ'वर बोटीच्या काठाला थाप. ताई तेलिणीने औंधच्या परशुराम श्रीनिवास प्रतिनिधींना, म्हणजे म्हणण्यातल्या पंतप्रतिनिधींना, मसूरच्या कैदेतून सोडवलं. ते पुन्हा पकडले गेले तेव्हा ती वासोट्यावर गेली आणि पेशव्यांच्या सेनापतीशी, बापू गोखल्यांशी, कित्येक महिने झुंजली. हे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांतलं. कासोटा म्हणजे धोतराचा मागे खोचलेला सोगा. तो सुटला की पुरुषाची अब्रू गेली. आणि म्हणण्यात बापू गोखल्या असं सरळ नाव घेऊन हाक आहे, तीही एकेरी. शत्रू समोर, नाव तोंडात, हातात सोटा. 'अन्वयवत्' म्हणजे काय हे मला कुठल्याही टीकाग्रंथापेक्षा या म्हणण्याने जास्त चांगलं समजावलं.

पहिल्या पिढीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत, म्हणजे १८६१ च्या मुक्तामालेपासून पुढे काही वर्षं ज्यांची लाट होती त्यांत, तुम्हाला पुरुषवेष घेऊन रात्री निघणाऱ्या, भुयारातून निसटणाऱ्या नायिका भेटतील. त्यांना 'धाडसी' म्हणा, शब्द चपखल बसेल. ताई तेलिणीसाठी 'साहसी' ठेवा आणि मार्गदर्शकांनी पुन्हा खोडलं तर त्यांना मनूच्या आठव्या अध्यायातली व्याख्या दाखवा. प्रकल्पात दोन्ही प्रकारच्या बायका असतील तर शीर्षकातही दोन्ही शब्द घ्या. आणि त्या म्हणण्यातलं 'संभाळ' तसंच लिहा, 'सांभाळ' करू नका.