बी रुजते, उगवते की तिला मोड येतात?

एका वाचक ताईंनी विचारलं आहे: ‘लेकीच्या हट्टापायी आंब्याची कोय, संत्र्याच्या बिया आणि चिंचोके ओल्या टिश्यूपेपरात गुंडाळून डब्यात ठेवले. संत्र्याच्या बियांतून पांढरं टोक बाहेर आलं तेव्हा मी म्हटलं, बियांना मोड आले. सासूबाई म्हणाल्या, मोड मटकीला येतात, फळाची बी रुजते. यजमान म्हणाले, उगवते. मुलीच्या पुस्तकात अंकुरण आहे. यातला बरोबर शब्द कोणता? आणि कोय, चिंचोका, आठळी या सगळ्यांना बी म्हटलं तर चालेल का?’

ताई, तुमच्या घरात चौघांनी चार वेगळ्या गोष्टींची नावं घेतली आहेत, आणि चारही मराठीत जिवंत आहेत. ‘जर्मिनेट’ हे एक क्रियापद बी फुगल्यापासून रोप वर येईपर्यंत सगळीकडे वापरता येतं. आपल्याकडे मात्र बी कुठे आहे आणि डोळ्यांना काय दिसतंय, त्यावर शब्द ठरतो.

आधी मोड. मटकीतून बाहेर येणारं पांढरं टोक आणि संत्र्याच्या बीतून आलेलं टोक, दोन्ही आदिमूळच, म्हणजे बीतून सगळ्यात आधी निघणारं मूळ. तेव्हा तुमचं वाक्य चुकलेलं नाही. मोड हा मातीबाहेरचा शब्द आहे. ओल्या फडक्यात, चाळणीत, टोपलीत विसरलेल्या कांद्यात जे फुटतं तो मोड. मोड फक्त खाण्याच्या कडधान्याचे असंही नाही. कोकणात भाताची ‘रहू’ पद्धत आहे. तिच्यात भाताचं बियाणं भिजवून, दडपून, त्याला मोड आणतात आणि मग ते चिखलणी केलेल्या खाचरात फेकून पेरतात. तिथले शेतकरी ‘मोड आलेलं बियाणं’ असंच म्हणतात आणि त्याची उसळ करायचा कोणाचाही विचार नसतो. तुमचा टिश्यूपेपर म्हणजे ओलं फडकंच. त्यामुळे त्यातल्या बियांना मोड आले म्हणायला माझी काही हरकत नाही.

तरी सासूबाईंच्या बोलण्यात एक फार चांगली जाण आहे. रुजणे म्हणजे मूळ धरणे. याचा पुरावा बियांच्या बाहेर मिळतो. जास्वंदीची काडी रुजते, मोगऱ्याची फांदी रुजते. तिथे बी नावालाही नसते. त्या काडीला आपण ‘उगवली’ म्हणत नाही आणि तिला मोड तर येतच नाहीत. म्हणजे रुजण्यात मुळाचा अर्थ मुख्य आहे, आणि मूळ धरायला धरण्याजोगं काही लागतं. डब्यातली बी उचलली की अलगद हातात येते. तीच कुंडीत लावल्यावर काही दिवसांनी रोपाला किंचित ओढ दिली आणि ते मागे खेचलं गेलं, की ती रुजली. ‘संस्कार रुजले’, ‘शब्द भाषेत रुजला’ या वापरांतही हीच घट्ट धरलेली पकड आहे. रुजणे या शब्दाचं नातं संस्कृतातल्या ‘रुह्’, म्हणजे वाढणे, या धातूशी जोडतात. आरोह, प्ररोह हे शब्द त्याच घरचे.

उगवणे हे वरचं काम. जमीन फोडून जे डोळ्यांपुढे येतं ते उगवतं, म्हणून सूर्य उगवतो, गवत उगवतं, आणि म्हणीतही ‘पेरावे तसे उगवते’. शेतकऱ्याला पेरणीनंतर ओळीने हिरवं दिसलं की तो ‘उगवण चांगली झाली’ म्हणतो. सरकारी आणि बियाण्याच्या भाषेत मात्र हा शब्द जरा सैल झाला आहे. घरच्या सोयाबीनची उगवणक्षमता तपासताना शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतात आणि त्यातले किती फुटले ते मोजतात. किमान 70 फुटले तर बियाणं पेरायला योग्य. तिथे माती नाही, वर येणं नाही, तरी शब्द उगवणच. तो आता इतका पक्का झाला आहे की बदलायची गरज नाही. घरात बोलताना मात्र मी रुजणं आणि उगवणं वेगळंच ठेवीन.

हा फरक तुमच्या डब्यातल्याच दोन बियांवर बघता येईल. आंब्याची कोय मातीत लावली की तिची दलं, म्हणजे आतल्या बीच्या दोन जाड डाळी, कोयीतच, मातीपाशी राहतात आणि वर येतो तो फक्त कोंब. चिंचोक्याचं उलट. त्याचा देठ आधी वाकून बाहेर येतो, मग सरळ होताना चिंचोक्याच्या दोन्ही जाड डाळी उचलून वर घेऊन येतो. कधीकधी तपकिरी टरफल त्यांना तसंच चिकटलेलं असतं. म्हणजे कोय खाली रुजून राहते आणि चिंचोका सगळाच्या सगळा उगवतो. दोन्ही कुंड्या शेजारी ठेवा आणि मुलीला विचारा की कुठे कोणता शब्द शोभतो. पुस्तकातल्या अंकुरणापेक्षा तिच्या ते जास्त लक्षात राहील. (चिंचोक्याचं टरफल फार कठीण असतं. ते एका कडेला थोडं घासून मग रात्रभर पाण्यात भिजवा.)

कोयीच्या बाबतीत आणखी एक शब्द हक्काचा आहे, कोंब. मोड बारीक असतो, कोंब जाड आणि जोमदार. नारळाला, हळदीला, आल्याला, बटाट्याला आणि कोयीला कोंब येतो. आंब्याचा कोंब जवळून पाहण्यासारखा असतो. सुरुवातीला पेन्सिलीच्या टोकाएवढा, जांभळट. मग पानं सुटतात ती तांबूस आणि इतकी लुसलुशीत की खाली लोंबतात. नवखा माणूस घाबरून जास्त पाणी घालतो. काही दिवसांत तीच पानं हिरवी होऊन ताठ उभी राहतात. पानं अशी तांबूस असतानाच कोकणातले रोपवाटिकावाले त्या रोपावर कलम बांधतात. रोपाला खाली कोय अजून लागलेली असते, म्हणून त्याचं नाव कोयकलम. या कारागिरीला दुसरं नाव शोधायची गरज कोणाला पडली नाही.

कलमाचा विषय निघालाच आहे तर मुलीला आत्ताच सांगून ठेवा, हापूसच्या कोयीला हापूसच लागेल याची खात्री नाही. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून तयार झालेला, त्यामुळे झाड आईसारखं निघेलच असं नाही. कोयीपासून वाढलेल्या अशा आंब्याला आपल्याकडे रायवळ म्हणतात. हा शब्द कमीपणा दाखवायला वापरतात याचं मला वाईट वाटतं. रसाळ, चोखून खायचे कितीतरी आंबे रायवळच असतात. संत्र्याचं निराळं. त्याच्या एका बीतून दोन-तीन कोंब आले तर दचकू नका. त्यातले बरेचसे परागीभवनाशिवाय, आईच्याच पेशींपासून तयार झालेले असतात.

अंकुर आणि अंकुरण हे लिहिण्याचे शब्द. शास्त्राच्या पुस्तकात ते हवेत, कारण तिथे आदिमूळ आणि अंकुर वेगळे दाखवावे लागतात. स्वयंपाकघरात ‘बिया अंकुरल्या’ कोणी म्हणत नाही आणि म्हणायचा आग्रहही नको.

आता नावांकडे. सगळ्यांना बी म्हटलं तर चालेल का? शास्त्राच्या दृष्टीने कोयीला बी म्हणणं थोडं चूकच आहे. कोय म्हणजे फळाचंच आतलं कठीण कवच. खरी बी त्या कवचाच्या आत असते. कोयीची कड सांभाळून कापली आणि आतला गर मोकळा करून लावला तर तो लवकर रुजतो, तो गर म्हणजे बी. कोकणात कोयीला बाठा म्हणतात. फणसाची ती आठळी, गोव्याच्या कोकणीत बिकणां. चिंचेचा चिंचोका. पपई, संत्रं, सीताफळ यांची साधी बी. आयुर्वेदात कोयीला ‘आम्रास्थि’ म्हटलं आहे, म्हणजे आंब्याचं हाड. आठळी हा शब्दही त्याच कुळातला असावा असं मला वाटतं. इतकी स्वतंत्र नावं असताना सरसकट ‘बी’ म्हणून ती सोडून देऊ नयेत. ‘आंब्याची बी’ हे हल्ली मुलांच्या तोंडी ऐकू येतं, तेव्हा मी लगेच कोय म्हणून दाखवतो.

नव्या फळांचं काय? अव्होकाडोत निघते तिला कोय म्हणावी का? माझ्या मते नको. तिच्याभोवती कवच नाही, नुसती पातळ साल आहे, म्हणजे ती आठळीच्या जवळची. जर्दाळूचं मात्र फोडून आतला ‘बदाम’ खातात ते कवच कोयीसारखंच आहे. तिथे कोय म्हटलं तर शोभेल, जरी आज कोणी म्हणत नसलं तरी.

लिंगाचाही घोळ होतो. एकेक मोजायची असेल तेव्हा ती बी, अनेकवचन बिया, ‘एक बी रुजली, तीन कुजल्या’. पेरायचा साठा म्हणून बोलताना तेच नपुंसकलिंगी होतं, ‘यंदा बी चांगलं मिळालं’. तिथे बियाणं हा शब्दही चालतो. तुमच्या डब्यातल्या बियांना बियाणं म्हणू नका, ते पोत्याचं असतं.

एक सूचना शब्दांपलीकडची. कोय आणि आठळी वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाहीत. आतला ओलावा गेला की त्यांची रुजण्याची ताकदही जाते. आंबा खाल्ला की कोय धुऊन त्याच आठवड्यात लावा. पपईच्या बिया मात्र त्यांच्यावरचं बुळबुळीत आवरण राखेत चोळून काढल्याशिवाय लावू नका, ते रुजणं लांबवतं.

शेवटी रुजण्याच्या नावावर खपणाऱ्या एका शब्दाबद्दल. ‘या चळवळीची रुजवात झाली’ असं आजकाल छापून येतं, जणू तो रुजणे या क्रियापदाचाच मुलगा. मूळ शब्द रुजुवात. तो अरबी ‘रुजू’ वरून फारसीमार्गे आला, कामावर ‘रुजू’ होतो तोच रुजू. अर्थ ताडून पाहणे, हिशेबाची रुजुवात घालणे. आरंभाच्या अर्थाने मुहूर्तमेढ, पाया, श्रीगणेशा असे किती शब्द आहेत, तिथे रुजुवातीला राबवू नये. आणि रुजण्याचंच नाम हवं असेल तर कोकणात नवरात्रात देवापुढे धान्य रुजत घालतात, त्याला रुजवण म्हणतात. तुमच्या लेकीच्या कुंड्यांना तो शब्द खुशाल द्या.