एकाच काठावर मुक्काम कर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा बेत नीट वाचला. पैठणहून निघायचं, पाठीवर सॅक घेऊन नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठाकाठानं चालत चार दिवसांत कायगाव टोका गाठायचं, अंधार पडेल तिथं तंबू ठोकायचा आणि जमतील तेवढ्या जातींचे पक्षी वहीत उतरवायचे. तू या पाण्याकडं निघालीस याचा मला फार आनंद झाला. आपल्याकडच्या पोरांना भटकंती म्हटलं की सह्याद्री आठवतो, जंगल म्हटलं की ताडोबा. संभाजीनगरातून एसटीनं दीड तासावर असलेलं हे पाणी कुणाच्या मनात येत नाही. तुझ्या आलं. पण बेत बदल. चारही दिवस काठावरच्या एकाच जागी काढ.

जंगलात चालणं वेगळं. तिथं झाडांचा आडोसा असतो, वाटेत काहीतरी समोर येतं. इथला काठ उघडाबोडका. उभा माणूस बदकांना फार लांबून दिसतो. तू चालत राहिलीस तर थवे तुझ्या पुढं पुढं उठत जातील आणि दिवसभर तुला पक्ष्यांच्या पाठीच दिसतील. शिवाय उठलेल्या थव्याला त्याची किंमत पडते. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक ही मंडळी हजारो किलोमीटर उडून इथं पोट भरायला आलेली असतात. उन्हाळ्याच्या तोंडाला परत जायचं ते अंगावर चढवलेल्या चरबीवरच. आपण विनाकारण उठवलं की त्यातली थोडी खर्ची पडते. दिवसात चार माणसांनी चारदा उठवलं तर हिशोब कर.

बसलीस तर सुरुवातीला काहीच घडणार नाही. टिटवी ओरडत राहील. तिचा आवाज थांबेपर्यंत हलू नकोस, कारण ती गप्प झाल्याशिवाय बाकीचे सैल पडत नाहीत. मग शेकाटे परत येतात. चिखलाच्या कडेनं टिलवे धावायला लागतात, आणि तू खरंच स्थिर असलीस तर इतके जवळ येतात की दुर्बीण खाली ठेवावी लागते. आदल्या दिवशीच्याच जागी दुसऱ्या सकाळी बसलीस तर तिथला कवड्या खंड्या कुठल्या खुंटावर बसतो, दलदल हारिण हा शिकारी पक्षी किती वाजता कुठल्या बाजूनं फेरी मारतो, हे तुला आधीच ठाऊक असेल. तिसऱ्या दिवशी तू पक्षी ओळखत नसशील, तो काय करणार ते ओळखत असशील. रोज जागा बदलणाऱ्याला हे कधी मिळत नाही.

आता तारखेचं. तू नाताळची सुट्टी धरली आहेस. सुट्टी बघून निघू नकोस, धरणाची पातळी बघून नीघ. जायकवाडी १९७६ साली पुरं झालं आणि १९८६ साली या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, पण तिथली बरीचशी पाखरं धरणाच्या उथळपणामुळं येतात. पाणी सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि रुंद जागी २७ किलोमीटर पसरलंय. एवढ्या पसरट परातीत फूटभर पाणी उतरलं तरी सपाट काठ केवढा मागं सरकतो आणि ओल्या गाळाची नवी पट्टी उघडी पडते. त्या पट्टीत किडे, शिंपले, गोगलगायी. पाखरांचं ताट तिथं वाढलेलं असतं.

धरण पूर्ण भरल्यावरची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट. पावसाळ्यात त्या त्या दिवसाची पातळी रोज वर्तमानपत्रात येते, तेव्हापासून लिहून ठेवायला लाग. पाऊस आपल्याकडं पडो न पडो, धरण भरतं ते नाशिक-अहिल्यानगरकडच्या पावसानं, वरची धरणं भरून पाणी खाली सुटलं म्हणजे. ज्या वर्षी ते काठोकाठ भरतं, त्या वर्षी डिसेंबरात काठाला चिखलच नसतो. पाणी थेट गवताला, बाभळींच्या बुंध्यांना टेकलेलं. बदकं लांब मध्यभागी काळे ठिपके होऊन बसतात आणि रोहित (फ्लेमिंगो) उशिरा येतात, कारण त्यांना उभं राहायला उथळ पाणी लागतं. अशा वर्षी फेब्रुवारी धर. पाऊस कमी झालेल्या वर्षी मात्र डिसेंबरही चांगला, जानेवारी त्याहून चांगला. फाल्गुनात गेलीस तर नाथषष्ठीच्या तारखा बघ. त्या दिवसांत दिंड्यांनी पैठण भरून जातं, एसटीत पाय ठेवायला जागा नसते. नाथांच्या दर्शनाला जरूर जा, पण पक्ष्यांसाठीचे दिवस वेगळे काढ.

जागा निवडताना उन्हाचा विचार कर. आपला काठ उत्तरेचा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणजे तू पाण्याकडं तोंड केलंस की ऊन डोळ्यांवर. सगळे पक्षी काळे दिसतात, रंग कळत नाही. म्हणून सरळ काठावर न बसता एखाद्या ओढ्याच्या तोंडाशी पाणी आत शिरलेलं असतं तशी खाडी शोध. सकाळी तिच्या पूर्वेच्या कडेला बसून पश्चिमेकडं बघायचं, दुपारनंतर पश्चिमेच्या कडेला येऊन पूर्वेकडं. अशी एक खाडी सापडली की तुझे चार दिवस लागले मार्गी.

आता चिखलाबद्दल, आणि हे लक्ष देऊन वाच. उतरलेल्या पाण्यामागं राहणारा काळा गाळ वरून वाळतो. दुधावर साय धरते तशी पापडी धरते, आणि खाली सगळं लिबलिबीत असतं. वरून पांढुरकं, कोरडं दिसतं म्हणून माणूस बिनधास्त पाय टाकतो. एक पाय पोटरीपर्यंत जातो, तो काढायला दुसऱ्यावर भार दिला की दुसरा गुडघ्यापर्यंत. पाठीवर सॅक असेल तर आणखी वाईट. गाळ कसा ओळखायचा ते सांगतो. भेगा हाताचा पंजा उभा जाईल एवढ्या रुंद आणि खोल असतील, आणि म्हशीच्या खुरांचे ठसे कडक वाळलेले असतील, तर चालायला हरकत नाही. भेगा बारीक, वरवरच्या, जाळीदार असतील तर थांब. पृष्ठभाग चकाकत असेल आणि एकही खूर उमटलेला नसेल, तर म्हशीनंसुद्धा ती जागा टाळली आहे असं समज. हातात काठी ठेव, पाय टाकण्याआधी ती रोव. रुतलीसच तर झटापट करू नकोस. सॅक काढून बाजूला टाक, मागं बस, जमेल तेवढं अंग पसर, आणि एकेक पाय हळूहळू हलवत मोकळा कर.

तो गाळ नुसता चिखल नाही, पुष्कळांची शेतीही आहे. पाणी उतरेल तसं लोक गाळपेर करतात, हरभरा, गहू, ज्वारी. कोवळ्या रोपांतून चालत जाऊ नकोस, बांध नसला तरी ते रान कुणाचंतरी आहे. समोर दिसतील त्या मामांना हाक मार, कुठून आलीस, कशासाठी आलीस सांग. पाहुण्याला हुरडा दिल्याशिवाय ते सोडणार नाहीत. आणि पाखरांबद्दल ते तक्रार करतील ती ऐकून घे. पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस) दिवसा पाण्यावर विसावतात आणि अंधार पडला की हरभऱ्यात, गव्हात उतरतात. हा पक्षी मंगोलिया-तिबेटाकडून हिमालय ओलांडून येतो, उड्डाणात सहा हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर नोंदला गेलाय. आपल्याला त्याचं अप्रूप आहे. ज्याचं पीक रात्रीतून खुडलं जातं त्याला नसलं तर त्यात त्याचा दोष काय? तुला दोन्ही खरं धरून चालता आलं पाहिजे.

पट्टकदंबांच्या थव्यात गळ्यात पट्टा असलेला एखादा दिसतो का ते बघत जा. मंगोलियातल्या संशोधकांनी सांकेतिक अक्षरांचे पट्टे घातलेले पक्षी भारतात दिसले आहेत. अक्षरं वाचता आली तर पट्ट्याच्या रंगासकट लिहून घे, फोटो काढ आणि मला लगेच कळव, पुढं कुठं पाठवायचं ते मी बघतो.

काठावरची दुसरी माणसं म्हणजे मासेमारी करणारी. कहार, भोई समाजातल्या कुटुंबांचं पोट या पाण्यावर आहे. पाण्यावर तरंगत्या सौरपॅनेलच्या प्रकल्पाची गोष्ट निघाली तेव्हा कहार समाजाची मंडळी हरित लवादापर्यंत गेली. जाळी ओढायला ते पहाटे येतात. ऑस्प्रे हा शिकारी पक्षी कुठं मासा मारतो, रोहितांचा थवा काल कुठल्या अंगाला होता, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. पण त्यांना घाईघाईत आडवू नकोस. जाळी सोडवून होऊ दे, चहा घेताना विचार. त्यांच्या होडीतून पक्ष्यांच्या जवळ जायचा आग्रहही धरू नकोस. तुला फोटो मिळेल, पण थवा उठेल.

तंबूचा नाद सोड. हे अभयारण्य आहे, आत परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, ड्रोन उडवता येत नाही. जाण्याआधी संभाजीनगरला वन्यजीव विभागाच्या कार्यालयात जाऊन रीतसर विचार. रात्री गावात कुणाकडंतरी राहा, पैसे दे आणि दोन घास त्यांच्यासोबत जेव. दुसरं कारण असं की पाण्यामुळं त्या पट्ट्यात ऊस फार आणि उसात बिबट्या असतो. दिवेलागणीनंतर उसाच्या कडेनं एकटी फिरू नकोस. गवतात घोणस असते, म्हणून घोट्यावर येणारे बूट आणि टॉर्च. धरणाचं पाणी पिऊ नकोस. बाकी सामान कमी ने. ८×४२ ची दुर्बीण पुरे, मातकट रंगाचे कपडे, डोक्याला टोपी, बसायला पोत्याचा तुकडा, वही आणि पेन्सिल. आईला दशम्या आणि धपाटे करून द्यायला सांग, दोन-तीन दिवस टिकतात. सोबत शेंगदाण्याची चटणी.

पहाटे साडेपाचला जागेवर हवीस. उजाडताना एखादा चित्रबलाक करकोचा चरायला उतरला तर बाकी सगळं सोड आणि अर्धा तास त्याच्याकडंच बघ. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून तो मान इकडून तिकडं फिरवत राहतो. गढूळ पाण्यात मासा दिसत नाही, त्याची त्याला गरजही नाही. पायानं तो तळाचा गाळ ढवळतो, मधूनच एक पंख झटकन उघडतो. घाबरलेला मासा पळताना चोचीला लागला की चोच मिटलीच. हे एकदा डोळ्यांनी बघितलंस की मग दर्वीमुख (चमच्यासारख्या चोचीचा पक्षी) चोच कशी फिरवतो, रोहित मान उलटी करून पाणी कसं गाळतो, हे तू आपणहून ताडून बघायला लागशील. ही नजर आली की जातींची संख्या मागं पडते. शंभर नावं वहीत नसली तरी चालतील, वीसच असू देत, पण प्रत्येकापुढं तो काय करत होता हे दोन ओळी असू देत.

आणि एक. हा काठ तुला आवडणार, मग उन्हाळ्यातही जावंसं वाटेल. मार्च ते जून उघड्या पडलेल्या खडकाळ जागांवर आणि बेटांवर पाय ठेवू नकोस. टिटवी, नदीसुरय, आर्ली तिथं जमिनीवरच अंडी घालतात आणि ती खड्यांत मिसळून जातात, पायाखाली आली तरी कळत नाहीत. एखादा पक्षी तुझ्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागला किंवा पंख मोडल्यासारखा फरपटत दूर जायला लागला, तर आल्या पावली, आल्याच वाटेनं मागं फीर. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसून ती गार ठेवते. वैशाखातल्या उन्हात तिला थोडा वेळ जरी अडवून धरलं तरी आतली पिल्लं मरू शकतात.

घरी बाबांना खरं ते सगळं सांग. एकटी जातेय म्हणून ते काळजी करतील, तर सोबत एक मैत्रीण ने, मात्र गप्पा न मारता बसू शकणारी. पिंपळवाडीच्या बाजूला माझ्या ओळखीचं एक घर आहे, मावशी आणि त्यांची सून दोघीच असतात, तुमची राहायची सोय होईल. मी त्यांच्याशी बोलून ठेवतो. नोव्हेंबरअखेर धरणाची पातळी किती आहे ते मला कळव, म्हणजे डिसेंबर की फेब्रुवारी ते ठरवू आणि त्यांना तारीख सांगू.

तुझा,
सर