आधी मे महिन्यात तापीकाठ बघ

भाऊ, नदी जमीन कशी झिजवते, कशी घडवते हे शिकायचं तर पाणी उतरल्यावर, मे महिन्यात पात्रात जा. पुरात काहीच दिसत नाही.

सुरुवात सातपुड्याच्या पायथ्याशी कर. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत काळ्या दगडाचे पापुद्रे कांद्यासारखे सुटलेले दिसतील. मधे टणक गोटा, भोवती हातानं चुरा होणारा मुरूम. भेगांत मुरलेल्या पाण्यानं दगड जागच्या जागी कुजतो, ते विदारण. तो माल ओढा उचलून नेतो, तिथून झीज सुरू. मग तापीला मिळणाऱ्या अनेर नदीच्या पात्रातून खाली चालत ये: डोंगराजवळचे दगड कोनेदार, पुढे एकमेकांवर आपटून गुळगुळीत.

खरा वेळ मात्र तापीच्या घळींना दे. काठावर गाळाचे जाड थर आहेत. पावसाचं पाणी आधी बोटभर चर पाडतं, चराची घळ होते आणि घळीचं डोकं, म्हणजे वरचं टोक, दर पावसाळ्यात शेताकडे सरकतं. नवखे लोक घळीचा तळच बघत बसतात. तू डोक्याशी जा, कारण वाढ तिथे होते. पण कडेवर पाय देऊ नकोस, ती खालून पोखरलेली असते. मातीत भेग दिसली की मागे हो.