मॅडम, ॲपमध्ये सगळं बरोबर येतं हो!

जून-जुलै आला की माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन पालक येतात, आणि गंमत म्हणजे शब्दही तेच असतात. "घरी फाडफाड मराठी बोलतो, पण वाचायला बसवलं की अडतो, डिस्लेक्सिया तर नाही ना?" २०२० च्या कायद्यानंतर राज्यात सगळ्याच बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवावं लागतंय, त्यामुळे आईबाबांच्या बदलीमुळे बाहेरून आलेली मुलं नवव्या-दहाव्या वर्षी एकदम गमभनपासून सुरू करतात. एकेकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एका मुलाचं सांगते.

अथर्व म्हणू त्याला. चेन्नईहून पुण्यात आलेला, चौथीतला. नाव बदललंय, पण खऱ्या नावातही थ होता आणि सगळा घोळ तिथंच होता, कारण स्वतःचं नाव लिही म्हटल्यावर पठ्ठ्यानं लिहिलं "अयर्व". आईचा चेहरा पडला. मी विचारलं, इंग्रजी वाचतो का? छान वाचतो. तमिळ? तेही. मग माझी अर्धी काळजी तिथंच मिटली. तमिळमध्ये क ख ग घ या चौघांना मिळून एकच अक्षर असतं, त, थ, द, ध यांनाही एकच, त्यामुळे इथं आल्यावर त्याच्यापुढे अचानक जत्रा भरली होती.

"पण मॅडम, अक्षरं शिकायच्या ॲपमध्ये सगळं बरोबर येतं हो, शंभर टक्के!" मी तीच अक्षरं कागदावर पेननं काढून दाखवली. निम्मी चुकली. ॲपमध्ये एकच फॉन्ट, रोज तेच चित्र, मुलगा अक्षर नाही तो ठराविक चौकोन पाठ करतो. त्यात २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरलाय, पण मोबाइलवर बऱ्याचदा हिंदीचा दांडीवाला ल दिसतो. पोरानं ओळखायचं तरी कसं.

"आम्ही गिरवूनपण घेतो, रोज दहा पानं." इथं मी जरा कडक बोलले. ठिपक्यांवरून गिरवताना हात ठिपक्यामागं जातो, डोकं सुट्टीवर असतं. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला होता, २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला, काहींनी अक्षर स्वतः काढलं, काहींनी गिरवलं, काहींनी टाइप केलं. नंतर ती अक्षरं बघताना मेंदूतला वाचनाचा भाग स्वतः काढलेल्या अक्षरांना जास्त जागा झाला, गिरवलेल्यांना तसा नाही. मोठ्यांचंही तेच, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अरबी अक्षरं हातानं लिहिणारे नुसतं बघणाऱ्या किंवा टाइप करणाऱ्यांपेक्षा लवकर शिकले. मी तर वर्षानुवर्षं म्हणतेय, अक्षराची ओळख आधी हाताला होते, डोळ्याला नंतर.

तर आम्ही ॲप तीन आठवडे बंद केलं आणि ताटात रवा घेतला. रोज फक्त तीन अक्षरं, दहा मिनिटं. अक्षर नीट बघायचं, झाकायचं, मोठ्यानं म्हणत बोटानं काढायचं, उघडून ताडून बघायचं. दिसायला सारख्या जोड्या सुरुवातीला एकाच दिवशी नाही घ्यायच्या. आणि आई, बाबा, आजी तिघांनी आपापल्या हस्ताक्षरात तेच अक्षर काढून द्यायचं. वाकडंतिकडं चालेल, उलट हवंच, कारण एकाच अक्षराची दहा रूपं बघितली की त्यात काय बदलतं आणि काय बदलत नाही हे मुलाचं मुलालाच कळतं. सुवाच्य अक्षराचा हट्ट इथं मध्ये आणू नका, तो वेगळा विषय आहे.

चौथ्या भेटीत माझ्यासमोरच तो थ काढत होता. गाठ काढली, पोट काढलं, दांडी ओढली, वरची रेघ मारायला बोट नेलं आणि मध्येच थांबला.

"काय झालं रे?"

"याला शेंडी आहे ना, मग टोपी पूर्ण कशी बसेल?"

मी गप्प बसले, म्हणजे मुश्किलीनं गप्प बसले. त्यानं रवा सारखा केला, ध काढला. परत पुसून भ काढला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, शेंडीवाल्या तिघांना अर्धीच टोपी! य, घ, म ला पूर्ण!"

इतकी वर्षं हे काम करतेय, ही तिघांची टोळी मला कधी दिसली नव्हती. आणि हे मी त्याला सांगितलं असतं ना, तर संध्याकाळपर्यंत विसरला असता. बोट अडलं म्हणून त्याला दिसलं. मला वाटतं आपलं "गमभन"पण त्यातूनच आलंय, क ख ग घ उच्चारानं लावलेलं आहे, गमभन हाताच्या वळणानं.

आता डिस्लेक्सियाचं. घ-ध उलटसुलट झालं म्हणून कुणी त्या निष्कर्षावर उडी मारू नका. मूल आधी शिकलेल्या लिपीतही असंच अडतंय का, शब्दातले आवाज सुटे करून सांगता येत नाहीत का, वर्षभर सराव करूनही अक्षर रोज नवंच वाटतंय का, असं असेल तर मात्र वेळ न घालवता तज्ज्ञांकडून रीतसर तपासणी करून घ्या, रव्याच्या ताटावर विसंबून राहू नका.

अथर्वची शेवटची भेट झाली तेव्हा मी घाईत वहीत टिपणं काढत होते. तो खुर्चीमागून डोकावला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही रेघच मारत नाही. तुमचा घ आणि ध सेमच आहे."

बघितलं तर होताच.