बाबांच्या उपचारासाठी आईची ठेव मोडावी का?

प्रश्न: वडील ८४ वर्षांचे, निवृत्त सरकारी शिक्षक. हृदय कमजोर झालंय, वर्षात तीनदा ॲडमिट केलं. शेवटच्या वेळी खासगी आयसीयूत नऊ दिवसांचे साडेचार लाख झाले. मोठं ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टर सांगतात. पुण्याचा भाऊ म्हणतो, आईची १२ लाखांची सीनियर सिटिझन ठेव मोडू, डिचोलीचा प्लॉट विकू, पैसे हाताशी ठेवू. बाबांना घरीच राहायचंय. आई ७६ वर्षांची. काय करू? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: ताई, आईच्या ठेवीला हात लावू नका. २०२३ साली काढलेली ही ठेव आज मोडली तर एक टक्का, म्हणजे १२ हजार कापले जातील. ते सोसता येईल. पण ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे २४,६०० रुपये बंद होतील. बाबांच्या पश्चात आईला मिळणारं कुटुंब निवृत्तीवेतन आजच्या पेन्शनच्या निम्म्याच्या आसपास असेल. तेव्हा हे व्याजच तिचा आधार. दादांची तळमळ खोटी नाही, पण ते फक्त बाबांचा हिशेब करताहेत.

आता घरचा खर्च. तुम्ही कळवल्याप्रमाणे बाबांना सांभाळणारी ब्यूरोची बाई २८ हजार, औषधं सात, खाट आणि ऑक्सिजन मशीनचं भाडं पाच. महिना ४० हजार. पेन्शन २६ हजार. तूट १४ हजारांची, वर्षाला १ लाख ६८ हजार. बाबांच्या नावे सहा लाखांची एफडी आहे, ती यासाठीच वापरा. दादांनी दरमहा सात हजार पाठवले तर ती आणखी पुरेल, आणि तेवढं त्यांनी पाठवायलाच हवं.

हा हिशेब कोलमडतो तो रात्री दोनला दम लागला आणि घाबरून गाडी काढली की. म्हणून पैशांची हलवाहलव करण्याआधी बाबांच्या डॉक्टरांना पॅलिएटिव्ह केअरबद्दल, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांबद्दल विचारा. ती फक्त कॅन्सरवाल्यांसाठी किंवा शेवटच्या चार दिवसांसाठी नसते. हृदयाच्या गोळ्या चालूच राहतात. जोडीला धाप, सूज, झोप, भीती यांवर उपचार होतात. धाप कमी करायला तज्ज्ञ कधी मॉर्फिनचा अगदी लहान डोसही देतात. रात्री काय द्यायचं, कोणाला फोन करायचा आणि कधी खरंच दवाखाना गाठायचा, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. न्यावंच लागलं तर आधी बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेज.

गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं दीनदयाळ कार्ड असेलच. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढा, त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मात्र दोन्ही कार्डं ॲडमिट झाल्यावरच कामाची, घरच्या बाईचा पगार त्यातून निघत नाही.

बाबांचं डोकं शाबूत आहे, तर व्हेंटिलेटर हवा की नको हे त्यांनाच विचारा, दादांना फोनवर घेऊन. ते कागदावर आणायचं तर २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

प्लॉट राहू दे. गोव्यात नवराबायकोची मालमत्ता सहसा सामाईक, आईच्या सहीशिवाय विक्री होत नाही, आणि घाईच्या विक्रीला भाव कोण देतो?

बँकेचं काम मात्र याच आठवड्यात करा. एफडी एकट्या बाबांच्या नावे आहे. त्यांना सही जमतेय तोवर आईचं नाव जोडा, आणि मुदतीआधी मोडायचा अधिकार दोघांपैकी कोणालाही राहील असं बँकेला लेखी द्या.