बाबांना बिडी सोडायच्या गोळ्या दिल्या आहेत, त्यानं डोक्यावर परिणाम होते का?

नाही भाऊ, डॉक्टरनं सांगितल्या तशा घेतल्या तर डोकं-बिकं काही बिघडत नाही, सुरुवातीची चिडचिड बहुतेक निकोटिन बंद झाल्याची असते अन् लोक दोष गोळीवर टाकतात. तालुक्याले मेडिकल चालवतो, रोजच हा प्रश्न येते. निकोटिन मेंदूत ज्या जागी बसून डोपामिन (मजा वाटायला लावणारं रसायन) वाढवते तिथंच व्हॅरेनिक्लिन ही बिडी सोडायची गोळी जाऊन बसते पण काम अर्धवटच करते, म्हणून तलफही कमी होते अन् वरून बिडी ओढली तरी तेवढी मजा येत नाही. निकोटिनच्या च्युइंगमचं वेगळं, त्यात निकोटिनच असते फक्त हळूहळू जाते (खर्र्यासारखं चघळत बसू नका, थोडं चावून गालात दाबून ठेवायचं). मन बिघडण्याची भीती आधी होती, गोळीवर कडक इशाराही होता, पण २०१६ मध्ये ८ हजारांवर लोकांवरचा अभ्यास आला अन् अमेरिकेच्या औषध खात्यानं तो इशारा काढून टाकला. विचित्र स्वप्नं मात्र पडतात बरं, ते खरं आहे. फक्त बाबांना फीट येत असेल तर बुप्रोपिऑन ही बिडी सोडायची दुसरी गोळी चालत नाही, अन् आधी मानसिक आजाराचा इलाज झाला असेल तर डॉक्टरले सांगूनच घ्या.