गाडीची बॅटरी संपत आलीय असं वाटतंय. घरीच बदलता येईल का?

येईल. पाना धरायची सवय असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. पण तुम्ही लिहिलंय की सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो, हेडलाइट मंदावतात आणि जंप दिला (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून) की गाडी लगेच चालू होते. एवढ्यावरून मी तरी लगेच नवी बॅटरी घेणार नाही.

आधी बॉनेट उघडून बॅटरीच्या टर्मिनलचे, म्हणजे केबल जोडायच्या टोकांचे, क्लॅम्प हाताने हलवून बघा. क्लॅम्प फिरत असेल किंवा त्यावर पांढरट-हिरवट क्षार साचला असेल, तर बॅटरी धडधाकट असूनही हीच लक्षणं दिसतात. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि पुन्हा स्टार्ट मारून बघा.

तरीही तेच असेल तर बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलना मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी पूर्ण चार्ज आहे, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. चार्ज असूनही स्टार्ट मारताना काटा 9.6 च्या खाली जात असेल तर तिच्यात दम उरलेला नाही. इंजिन चालू असताना मात्र बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 यायला हवं. तिथेही 12.5 वरच अडकलं तर संशय अल्टरनेटरवर, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणाऱ्या भागावर घ्या. तो बिघडलेला असताना नवी बॅटरी टाकली तर तीही चार दिवसांत झोपेल.

नवी घेताना अँपिअर-अवर (बॅटरीची क्षमता) आणि आकार सगळेच बघतात, पॉझिटिव्ह टर्मिनल डावीकडे आहे की उजवीकडे हे राहून जातं. उलट्या बाजूचं आणलं तर केबल पोहोचतच नाही. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी जुनीचा फोटो काढा. गाडीत स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद आणि निघताना चालू) असेल तर साधी बॅटरी नको, कंपनीने दिली असेल तशीच ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे अशा गाड्यांसाठीची दणकट बॅटरी घ्या. काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये स्कॅनरने करावी लागते. तसं असेल तर वर्कशॉप बरं.

आता मुख्य गोष्ट. इंजिन बंद करून, चावी काढून आधी निगेटिव्ह सोडवायचा, मग पॉझिटिव्ह. कारण गाडीची बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्हचा नट फिरवताना पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं तर थेट शॉर्ट: ठिणग्या उडतात, पाना तापतो, हातात धातूची अंगठी असेल तर बोटही भाजतं. अंगठी-कडं काढून ठेवाच. निगेटिव्ह आधीच सुटलेला असेल तर पाना टेकला तरी काही होत नाही. बसवताना उलट: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह.

बॅटरी चांगलीच जड असते आणि आत ॲसिड असतं, तेव्हा तिरकी न करता सरळ उचला. बॅटरी जागेवर धरून ठेवणारी पट्टी आवळायला विसरू नका, नाहीतर हादऱ्यांनी आतल्या प्लेटा लवकर जातात. टर्मिनल आवळून झाल्यावर वरून थोडं पेट्रोलियम जेली. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, दुकानदाराला परत द्या. शिशामुळे तिचे पैसेही वळते होतात.

नंतर घड्याळ लावावं लागेल, आणि खिडकीची काच एका टचमध्ये वर जाईनाशी झाली तर घाबरू नका, ती रीसेट करायची पद्धत गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते.